मेफेड्रोन : उगम, परिणाम आणि महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका

प्रस्तावना : ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रोन जप्त केले. 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' या नावांनी विकला जाणारा हा अमली पदार्थ भोसरी-चाकण पट्ट्याच्या दाराशी येऊन पोहोचल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

इतिहास : मेफेड्रोन हे कृत्रिम रसायन असून त्याची रचना खात वनस्पतीतील कॅथिनोनशी मिळतीजुळती आहे. ते प्रथम १९२९ मध्ये तयार झाले. नशेसाठी त्याचा प्रसार मात्र २००० नंतरच्या दशकात झाला. ब्रिटनने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात ते २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आले. अफूप्रमाणे त्यासाठी शेती लागत नाही. रासायनिक कारखाना पुरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत सापडलेल्या मोठ्या साठ्याने हेच सिद्ध केले.

परिणाम : या पदार्थामुळे मेंदूतील डोपामाइन व सेरोटोनिन एकाएकी वाढतात. दोन-तीन तासांत प्रभाव ओसरतो व पुन्हा सेवनाची ओढ लागते. अतिसेवनाने निद्रानाश, भास, संशयग्रस्तता व हृदयाचे अनियमित ठोके उद्भवतात. प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

समारोप : याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेत असल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. वर्गात पेंगणारा, चिडचिडा झालेला, गैरहजर राहणारा विद्यार्थी व्यसनी असेलच असे नाही. तथापि त्याची प्रथम विचारपूस व्हावी. नाव कमी केलेला विद्यार्थी उपचारापासूनही दुरावतो.