रिपोर्ट स्पॅममध्ये तर गेला नाही ना?

मुले परदेशी आणि आईवडील इथे, अशी घरे कोथरूडमध्ये पुष्कळ. रक्ततपासणीचा रिपोर्ट लॅबकडून ईमेलवर येतो आणि तोच तिकडे मुलांनाही पाठवला जातो. तो आलाच नाही, तर आधी स्पॅमचे फोल्डर उघडून पाहा. जीमेल तिथली मेल ३० दिवसांनी कायमची काढून टाकते.

स्पॅमची गाळणी मेलमधला मजकूर, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि इतरांच्या तक्रारी यांवरून अंदाज बांधते. एकाच पत्त्यावरून हजारोंना जाणारी मेल तिला जाहिरात वाटू शकते. तुमच्या थायरॉइडचे तिला काय!

'नॉट स्पॅम' दाबले की ती थोडी शिकते. पक्का उपाय फिल्टरचा. संगणकावर जीमेल उघडून शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, 'फ्रॉम'मध्ये लॅबचा पत्ता लिहा, 'क्रिएट फिल्टर' दाबून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर खूण करा. पत्ता मात्र पावतीवरून पूर्ण उतरवून घ्या. नुसत्या 'रिपोर्ट' शब्दावर फिल्टर लावलात, तर भामट्यांनाही दार उघडे. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही, तेव्हा घरात संगणक नसेल तर मुलांच्या पुढच्या सुट्टीतल्या कामांत हेही लिहून ठेवा.