आधी कोणतं शस्त्र?

मोबाइलवरच्या काल्पनिक युद्धात मोजकी साधनं कुठे लावायची, याचं गणित

राक्षसाच्या गुहेबाहेर योद्धा उभा आहे. कमरेला तलवार, पाठीवर धनुष्य, हातात भाला. शस्त्रं बळकट करायला गाठीशी दगड मात्र बाराच आहेत. तिन्ही शस्त्रांना चार-चार दगड द्यायचे, सगळे तलवारीवरच खर्चायचे, की पुढे आणखी चांगली तलवार मिळेल म्हणून राखून ठेवायचे?

सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागच्या एसटी स्टँडवर, बार्शीत कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा पुण्यातल्या होस्टेलच्या खोलीत हा प्रश्न सोडवत बसलेली मुलं आज सर्रास दिसतात. मोठ्या माणसांना फक्त काचेवर फिरणारी बोटं दिसतात. पण ‘रोल-प्लेइंग गेम’ या प्रकारच्या खेळांत लढाईबरोबरच बराच वेळ अपग्रेडच्या, म्हणजे साधनं सुधारण्याच्या, निर्णयात जातो, आणि तो निर्णय अस्सल गणिती असतो. साधनं थोडी, वाटा अनेक. मग आधी कुठे लावायचं? अर्थशास्त्र, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. बहुतेक खेळाडू ‘सगळ्यांत जबरदस्त शस्त्र कोणतं’ असं विचारतात आणि तिथेच चुकतात. विचारायचं ते असं : हातातला पुढचा एक दगड कुठे टाकला तर एकूण ताकद सर्वाधिक वाढेल?

लीलावतीतली शस्त्रं

शस्त्रं आणि गणित यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात एक सुंदर उदाहरण येतं. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य आहेत. ती आपसांत बदलून धरली तर किती वेगवेगळी रूपं होतील? उत्तर आहे ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांची रूपं मात्र २४ च. हात चाराचे दहा झाले आणि शक्यता दोन डझनांवरून छत्तीस लाखांवर गेल्या. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

खेळातल्या अपग्रेडचंही असंच होतं. समोर वीस सुधारणा आहेत आणि प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची एवढंच ठरवायचं आहे. तरीही निवडीचे एकूण प्रकार होतात १०,४८,५७६. सुधारणा तीस केल्या की ते शंभर कोटींच्या पुढे जातात. ठरावीक खर्चात सर्वाधिक फायदा देणारा संच शोधणं, हा गणितातला प्रसिद्ध ‘नॅपसॅक प्रॉब्लेम’. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी संगणकासाठी मुळातच कठीण अशा २१ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली, त्यात तोही होता. त्यामुळे ‘पटकन सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला कमी लेखू नये. सगळ्या शक्यता तपासणं कुणालाच परवडत नाही. म्हणून विचाराच्या काही पक्क्या रीती हाताशी लागतात.

वीस पैलूंचा फासा

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायला आणला. त्यातली ‘प्लस वन’ तलवार ऐकायला किरकोळ वाटते. तिचा हिशेब आजच्या नियमांनी मांडून पाहू.

वीस पैलूंच्या फाशावर ९ किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागतो, असं धरू. म्हणजे वार लागण्याची शक्यता ६० टक्के. लागलेल्या वाराची सरासरी हानी आठ पैलूंच्या फाशाची ४.५ आणि योद्ध्याच्या बळाची ३, मिळून ७.५. तेव्हा प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी हानी ०.६० × ७.५ = ४.५. फासा पूर्ण २० पडल्यावर होणारा जादा वार इथे सोडून दिला आहे.

आता तलवार एका पायरीने वाढली. शक्यता ६५ टक्के झाली, सरासरी हानी ८.५ झाली आणि गुणाकार आला ५.५२५. वाढ सुमारे २३ टक्के! नुसता नेम सुधारला असता तर वाढ ८ टक्क्यांच्या आसपास असती, नुसती धार वाढली असती तर १३ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकदम वाढल्यावर मिळालेला फायदा या दोघांच्या बेरजेपेक्षाही थोडा जास्त आहे, कारण इथे घटकांचा गुणाकार होतो. अपग्रेडचं जवळपास सगळं शास्त्र याच गुणाकारावर उभं आहे.

लहान बाजू आधी वाढवा

गुणाकाराचा एक नियम शाळेतच भेटतो. परिमिती ठरलेली असेल तर आयतांमध्ये सर्वांत जास्त क्षेत्रफळ चौरसाचं असतं. मग एकच बाजू ताणत राहण्यात अर्थ नाही. जी लहान आहे ती आधी वाढवावी.

अनेक खेळांत ‘क्रिटिकल’ वार असतो. तो कितीदा लागेल याचा एक आकडा आणि लागल्यावर किती जादा हानी करेल याचा दुसरा. ‘गेनशिन इम्पॅक्ट’सारख्या खेळात साज चढवताना साधारण एकाच किमतीत पहिला आकडा एक टक्का वाढतो किंवा दुसरा दोन टक्के. समजा, एकूण वाव २०० गुणांचा आहे; शक्यतेच्या एका टक्क्याला दोन गुण लागतात, जादा हानीच्या एका टक्क्याला एक. शक्यता २० टक्के आणि जादा हानी १६० टक्के ठेवली, तर सरासरी वार मूळच्या १.३२ पट. शक्यता ८० टक्के आणि जादा हानी ४० टक्के ठेवली, तरी तो १.३२ पटच. ५० आणि १०० अशी समतोल वाटणी केली की मात्र १.५ पट. साधनं तितकीच, फरक फक्त वाटणीचा.

हातात कोणतं शस्त्र किती वेळ?

संगणक अभियंता जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये एक साधं तत्त्व मांडलं : एखाद्या कामाचा जो भाग जितका वेळ चालतो, तितकाच फायदा तो भाग सुधारून मिळू शकतो. ते संगणकांसाठी होतं, पण गुहेबाहेरच्या योद्ध्यालाही तंतोतंत लागू पडतं.

एक लढाई शंभर सेकंद चालते. त्यांतली ऐंशी सेकंद तलवार चालते, वीस सेकंद धनुष्य. धनुष्य दुप्पट ताकदीचं केलं तर लढाई नव्वद सेकंदांत संपते. तलवार फक्त सव्वापट केली तर तिच्या ऐंशीची चौसष्ट सेकंदं होतात आणि लढाई चौऱ्याऐंशीत आटोपते. धनुष्य कितीही दिव्य केलं तरी ऐंशी सेकंदांखाली जाता येत नाही. म्हणून मुख्य शस्त्र आधी, हा जाणत्या खेळाडूंचा सल्ला निव्वळ सवयीतून आलेला नाही.

२०२२ मध्ये आलेल्या ‘एल्डन रिंग’मध्ये हे फार ठळकपणे जाणवतं. तिथे साधं शस्त्र एकेक पायरी चढत पंचविसाव्या पायरीपर्यंत जातं. पहिल्या तीन पायऱ्यांना अनुक्रमे २, ४ आणि ६ दगड लागतात. पुढच्या तिन्हींना पुन्हा तितकेच, पण वरच्या प्रतीचे. असं करत चोविसाव्या पायरीपर्यंत ९६ दगड आणि शेवटच्या पायरीला एक दुर्मीळ दगड. सुरुवातीच्या बारा दगडांत एक शस्त्र तिसऱ्या पायरीला पोचतं. तेच दगड तीन शस्त्रांत सारखे वाटले तर प्रत्येक शस्त्र पहिल्याच पायरीवर अडकतं आणि दोन-दोन दगड हाती उरतात. लढताना हातात असतं मुख्यतः एकच शस्त्र.

उंबरठ्याचा हिशेब

फायदा नेहमी सलग वाढत नाही. शत्रूचं बळ १०० आहे आणि आपल्या एका वाराची हानी २६. चार वारांत तो पडतो. खर्च करून हानी ३३ केली तरी तीन वारांचे ९९ च होतात. चौथा वार लागतोच. ३४ झाली की मात्र तीन वार पुरतात. म्हणजे २६ ते ३३ हा सगळा खर्च त्या शत्रूपुरता वाया आणि शेवटचा एक आकडा सोन्याचा. उंबरठा ओलांडता येत नसेल, तर दगड दुसरीकडे लावलेले बरे.

‘दर दगडामागे सर्वाधिक फायदा देणारी सुधारणा आधी’ ही रीतही बहुधा चांगली चालते, पण डोळे झाकून नाही. गाठीशी दहा दगड आहेत. एका सुधारणेला सहा लागतात आणि फायदा १३ गुणांचा. दुसऱ्या दोन सुधारणांना प्रत्येकी पाच लागतात आणि फायदा प्रत्येकी १०. दर दगडी हिशेबाने पहिली सरस. ती घेतली की चार दगड उरतात आणि त्यांत काहीच येत नाही. त्याऐवजी त्या दोन घेतल्या तर फायदा २०.

वैराग परिसरातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. जवळच्या मोहोळला निवडीतून तयार झालेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी इथल्या रानांची ओळख. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालत आलं आहे. विहिरीत एकाच पाळीचं पाणी असेल, तर ते पिकाच्या नेमक्या गरजेच्या अवस्थेत द्यावं, असं कृषिशास्त्र सांगतं. पाणी तेवढंच, पण योग्य अवस्थेत दिलं की दाणा भरतो. दगड कुठे आणि कधी लावायचा हे ठरवणारी मुलगी आणि शेवटची पाळी कधी द्यायची हे ठरवणारे तिचे वडील एकाच जातीचं गणित करत असतात.

दैवाचा भाग

काही खेळांत अपग्रेड यशस्वी होईलच असं नसतं. यशाची शक्यता १० टक्के असेल तर दहा प्रयत्नांत काम होणारच, असं मुलं धरून चालतात. खरं गणित वेगळं आहे. दहाही प्रयत्न फसण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. यशाची खात्री ९० टक्क्यांवर न्यायची तर बावीस प्रयत्नांची तयारी हवी. शिवाय नऊदा अपयश आलं म्हणून दहावा प्रयत्न जास्त भाग्याचा ठरत नाही. ठरावीक अपयशांनंतर यश देण्याचा नियम खेळातच असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्येक प्रयत्नाला ५०० नाणी लागत असतील, तर त्या अपग्रेडची खरी सरासरी किंमत ५,००० आहे. तुलना त्याच आकड्याशी करायची.

ही नाणी खऱ्या पैशांनी विकत मिळतात तेव्हा प्रश्न गंभीर होतो. दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन या कंपनीला ११ अब्ज वॉनहून जास्त दंड ठोठावला. ‘मेपलस्टोरी’ खेळात शस्त्र-साजाचे गुण बदलणाऱ्या, पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंमधली शक्यता खेळाडूंना न सांगता घटवल्याचा ठपका तिच्यावर होता. त्याच वर्षी मार्चपासून तिथे अशा शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. शक्यतेचा आकडा लपवला की खेळाडूचं गणितच हिरावलं जातं. आपल्या मुलांनाही तो आकडा मागायला शिकवलं पाहिजे, आणि तो मिळत नसेल तिथे एक रुपयाही न घालण्याचा नियम घरात हवा.

पुण्याची राजी

या सगळ्यात आपल्या मातीतलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा साहसी खेळ जगभर आणला. महाबलासुराच्या तावडीतून धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. तिला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतं, विष्णूकडून धनुष्य. पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षी त्याला नामांकन होतं.

राजीत वाटेत मिळणारे गुण शस्त्रांच्या शक्तींमध्ये वाटायचे असतात, आणि वाटणी पटली नाही तर ते काढून दुसरीकडे लावता येतात. या सोयीमुळे निर्णयाचं स्वरूपच पालटतं. खर्च परत घेता येत असेल तर धाडसाने प्रयोग करावा. चूक स्वस्त असते आणि तीच माहिती देते. खर्च कायमचा असेल तर थांबावं, आधी साध्या शत्रूंवर शस्त्र पारखून घ्यावं आणि दुर्मीळ दगड शेवटी काढावेत. त्याच वेळी, अगदी शेवटपर्यंत साठवण्यातही शहाणपण नाही. लवकर केलेली सुधारणा पुढच्या प्रत्येक लढाईत कामी येते. शेवटच्या लढाईआधी केलेली फक्त त्या एकीत.

आठवी-नववीच्या गणिताच्या शिक्षकांना माझं मनापासून सांगणं आहे की, शक्यता, सरासरी, गुणोत्तर आणि घातांक शिकवताना हे खेळ वर्गात आणा. प्रत्येकाला बारा दगड, तीन शस्त्रं आणि एक राक्षस द्या. निर्णय वहीवर मांडायला लावा : कोणतं शस्त्र किती वेळ चालतं, कोणते घटक गुणले जातात, उंबरठा कुठे आहे, अपयशाची शक्यता किती आणि खर्च परत मिळतो का. मग दोन मुलांची उत्तरं वेगळी आली तर त्यांना फळ्यापाशी बोलावून आपापला हिशेब सिद्ध करू द्या. भास्कराचार्यांनी देवांच्या हातांतली शस्त्रं मोजत गणित शिकवलं. आपल्या वर्गातल्या मुलांच्या हातांत तर ती शस्त्रं आधीच आहेत. वैरागच्या शाळेतही हा तास उद्यापासून घेता येईल, त्याला खडू आणि फळा पुरे.