मोरस साखरेचा देश : मॉरिशस

मुंबईत सांताक्रूझच्या पूर्वेला वाकोला नावाची वस्ती आहे. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची मुले, भाऊ, मेहुणे नोकरीधंद्याच्या निमित्ताने त्या बाजूला राहतात. तिथल्या एखाद्या जुन्या गुजराती घरात कान देऊन ऐकले तर साखरेला 'मोरस' म्हणताना ऐकू येईल. हे मोरस म्हणजे मॉरिशस. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि आपल्या देशात भराभर कारखाने उभे राहिले. त्यापूर्वी मुंबई बंदरात जी पांढरी साखर उतरत असे, ती बाहेरून येई. मॉरिशसची साखर तर इतकी येत असे की बेटाचे नाव साखरेला चिकटले आणि साखर इथली झाली तरी नाव तेच राहिले.

तेव्हा ऊसवाल्यांच्या या अंकात एका ऊसवाल्या देशाची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरविले. वाकोल्याच्या जवळच असलेल्या विमानतळावरून तिथे पोचायला साधारण सहा तास लागतात. आपली माणसे पूर्वी शिडाच्या जहाजांतून गेली, त्यांना आठवडेच्या आठवडे लागले.

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला, मादागास्कर बेटाच्या पूर्वेस हे बेट आहे. रॉड्रिग्ज वगैरे लहान बेटे धरून देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. राजधानी पोर्ट लुई. बेट ज्वालामुखीतून वर आलेले आहे, त्यामुळे माती चांगली पण जमिनीत काळा दगड भयंकर. हा दगड मजुरांनी हातांनी वेचून शेतातच रचून ठेवला. उसाच्या फडाच्या मधोमध उभे असलेले ते दगडांचे मनोरे आजही दिसतात. ज्याने माळरान मोडून रान केले आहे, त्याला त्या मनोऱ्यांची किंमत सांगायला नको. मधल्या पठारावर पाऊस उदंड आणि पश्चिम किनारा कोरडा. तिकडे पाणी दिल्याशिवाय ऊस नाही. आणि आपल्याकडे नाही अशी एक पीडा तिथे आहे : चक्रीवादळ. १९६० साली जानेवारी आणि फेब्रुवारीत लागोपाठ दोन वादळे झाली आणि त्या साली उसाचे पीक आडवे झाले. म्हणून तिथे १९४६ पासून ऊसवाल्यांसाठी वादळ आणि अवर्षणाच्या विम्याचा फंड आहे.

बेट दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू उलटे. आपला पट्टा पडून यंत्रे दुरुस्तीला उघडली की तिकडे जूनमध्ये गाळप सुरू होते ते नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालते. खोडवे मात्र ते आपल्यापेक्षा फार धरतात. सहा-सात खोडवी घेणे तिथे नवलाचे नाही.

आता इतिहास. या बेटाला मूळचे रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ साली डच उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे नाव बेटाला दिले. उडता न येणारा डोडो नावाचा थोराड पक्षी तिथे होता, तो पुढच्या शतकातच संपला. ऊस मात्र डचांनीच १६३९ मध्ये जावाहून आणला. १७१० ला ते सोडून गेले, १७१५ ला फ्रेंच आले, त्यांनी बंदर बांधले, साखरेची घाणी घातली आणि राबायला आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, परंतु जमीन, भाषा आणि कायदा फ्रेंचांकडेच राहू दिला. याचा परिणाम आजही आहे : कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि घरात क्रिओल अशी तिथल्या माणसाची दिवसाची वाटणी असते.

१८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना माणसे हवी होती, ती त्यांनी हिंदुस्थानातून नेली. यालाच गिरमिट म्हणतात, म्हणजे ॲग्रीमेंट. १८३४ पासून पुढल्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहार व पूर्वेकडची, नंतर मद्रासकडची, आणि थोडी मुंबई बंदरातून गेलेली आपली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार आणि शिधा. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा 'डबल कट'चा नियम होता. मळ्याबाहेर पडायला पास लागे, १८६७ च्या कायद्याने त्यावर फोटोही आला. जिथे ही माणसे उतरली ते ठिकाण 'आप्रवासी घाट' म्हणून जपले आहे आणि २००६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मराठी माणसे गेली ती मुख्यत्वे रत्नागिरी, सावंतवाडी या कोकणपट्टीतली. आज लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आहे. थोडी माणसे, पण त्यांनी काय काय टिकवले पाहा. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. मराठी शाळेत शिकवले जाते, मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतही शिकता येते. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तिथे भरली होती आणि २०२३ मध्ये मोका येथेच शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात, हे खरे आहे ते सांगायला हवे. आडनावेही राहिली नाहीत. उतरताना कारकुनाने जे पहिले नाव लिहून घेतले तेच पुढे आडनाव झाले. म्हणून तिथे बाबाजी, भिवाजी अशी आडनावे भेटतात. आपले गाव कोणते हे विचारायला तिथला माणूस मोक्याच्या त्याच संस्थेत जातो. गिरमिटियांची जुनी दप्तरे आणि कित्येकांचे फोटो तिथे जतन केलेले आहेत.

येथपर्यंतची हकीकत मजुराची झाली. मजुराचा ऊसवाला कसा झाला, हा भाग आपल्या सभासदांना जास्त जवळचा वाटेल. १८७० नंतर साखरेचे भाव पडले, मळेवाले अडचणीत आले आणि त्यांनी कडेकडेची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. मजुरांनी गाठीची पै न् पै घालून ती घेतली. दगडांची, उताराची, हलकी जमीन, पण स्वतःची. १९१३ पासून तिथे सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या. कारखाने मात्र मळेवाल्या फ्रेंच घराण्यांच्या कंपन्यांकडेच राहिले. जमीन माझी, ऊस माझा, पण काटा दुसऱ्याचा आणि भावही दुसऱ्याचा. आपल्याकडे १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जी वाट काढली, ती तिथे कुणाला काढता आली नाही.

याचा भडका उडाला तो १९३७ साली. लहान शेतकरी 'ऊबा' नावाची जात लावीत. हलक्या रानात तग धरणारी, टनेज देणारी, पण उताऱ्याला कमी. गिरण्यांनी त्या उसाचा भाव एकदम शेकडा १५ नी खाली आणला. वर्षभर वाढवलेला ऊस उभा, तो न्यायचा तर त्याच गिरणीत. शेतकरी आणि मजूर मिळून गिरण्यांवर चालून गेले. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथे गोळीबार होऊन चार माणसे मेली. आपल्याकडेही अलीकडे को एम ०२६५ ची नोंद घ्यायला काही कारखाने कुरकुरत होते, त्यावरून किती बोलणे झाले ते आठवावे; म्हणजे ऊबाचा मामला परका वाटणार नाही. १९४३ मध्ये बेल व्हू हारेल येथे मजुरांच्या संपात पुन्हा गोळी चालली. त्यात अंजलाय कूपन ही गरोदर बाई मेली, तिचे नाव आज तिथल्या एका स्टेडियमला आहे.

या दोन रक्तपातांतून पुढचे राजकारण घडले. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परत येताना तिथे थांबले होते. नंतर १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर नावाचे बॅरिस्टर गेले आणि त्यांनी मजुरांच्या बाजूने कोर्टात कामे चालवली. मजूर पक्ष १९३६ मध्ये निघाला. पण मत देण्याचा हक्क मूठभरांनाच होता. १९४८ च्या निवडणुकीत नियम असा झाला की ज्याला आपल्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येते त्याला मत. तेव्हा गावोगाव 'बैठका' भरल्या. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात सही गिरवू लागली, त्यात बासदेव विष्णुदयाल यांच्या मंडळींनी जीव ओतला. मतदार सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांच्या घरात गेले. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मत मिळाले आणि १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या तारखेलाच, देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम.

राज्यकारभार थोडक्यात सांगतो. १२ मार्च १९९२ पासून प्रजासत्ताक. राष्ट्रपती मानाचे, खरा कारभार पंतप्रधानांचा. लोकसभा एकच, तिथे ६२ जण निवडून येतात. एका मतदारसंघातून तिघे, फक्त रॉड्रिग्जमधून दोघे. शिवाय एखादा समाज मागे राहिला तर हरलेल्यांतल्या चांगली मते मिळवणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागा देतात. शेवटचे अपील अजून लंडनला जाते. फौज नाही, पोलीसच सगळे पाहतात. रुपया हेच चलन असून नोटेवर तमिळ व हिंदी अक्षरे आहेत. सरकारे मात्र मतपेटीनेच बदलतात, आणि बदलतात तेव्हा मुळापासून : १९८२ ला मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी घेतल्या. नोव्हेंबर २०२४ मध्येही तसेच झाले व शिवसागरांचे चिरंजीव नवीन रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले.

आता पैशाची गोष्ट. तिथे उसाला टनावर भाव नाही, साखर वाटून घेतात. उसातून निघालेल्या साखरेचे ७८ टक्के शेतकऱ्याचे, २२ टक्के कारखान्याचे. म्हणजे दहा टन ऊस दिला, उतारा दहा पडला, तर एक टन साखरेपैकी ७८० किलो शेतकऱ्याच्या नावे लागते. विक्री एकट्याने कुणी करायची नाही, १९१९ पासूनची सिंडिकेट साऱ्या बेटाची साखर विकते आणि आलेला पैसा वाटते. आपली एफआरपी सरकार ठरवते, साखर विकली जावो न जावो ती द्यावी लागते. त्यांच्याकडे बाजार चढला तर शेतकऱ्याचे चढते आणि पडला तर त्याचेच पडते. आम्हाला विचाराल तर वाटणीचा हिशेब त्यांचा स्वच्छ, पण धाप लागल्यावर टेकायला भिंत नाही.

बरीच वर्षे ती भिंत परदेशात होती. १९७३ साली बेटाने सुमारे ७ लाख १८ हजार टन साखर काढली, तो उच्चांक आजवर मोडलेला नाही. १९७५ मध्ये युरोपच्या बाजारसंघाशी करार झाला आणि दरसाल पाच लाख टनांच्या आसपास साखर ठरलेल्या भावाने युरोप घेऊ लागला. तो भाव बहुधा जगाच्या बाजारापेक्षा बराच वर असे. त्या पैशातून शाळा, दवाखाने निघाले, कापडाच्या गिरण्या आणि हॉटेले उभी राहिली. १९९४ मध्ये तर मजूर व लहान शेतकरी यांना एका ट्रस्टमार्फत साखर कंपन्यांत २० टक्के भाग मिळाले. आपण जे पहिल्या दिवशी शेअर घेऊन मिळवले ते त्यांना इतक्या वर्षांनी, आणि तेही पंचमांश.

मग युरोपने धोरण बदलले. २००६ पासून चार वर्षांत भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, २००९ मध्ये करारच संपवला. एकोणिसाव्या शतकात अडीचशेवर घाण्या होत्या, स्वातंत्र्याच्या वेळी २१ कारखाने होते, आज तीन चालतात. २००० च्या सुमारास पंचवीस हजारांवर लहान ऊसवाले होते, त्यांचे निम्मेही उरले नाहीत. पोरे हॉटेलात आणि बँकेत गेली, तोडीला माणूस मिळेना, दगडाच्या रानात यंत्र चालेना. ज्या आजोबाने दगड वेचून रान केले त्या रानात आज गवत आहे. ऊस अगदी संपला असे मात्र नाही. तिन्ही कारखाने बगॅसवर वीज करून सरकारला विकतात. कच्च्या साखरेऐवजी खाण्याच्या तपकिरी साखरा करतात. त्यातली मस्कोव्हाडो म्हणजे गुळाची चुलत बहीणच. आणि लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी 'फेअरट्रेड'चा शिक्का मिळवला आहे. त्याने टनामागे वरकड रक्कम येते, ती संस्थेच्या सभेत ठरवून खतावर, अवजारांवर खर्च होते.

सभासदांपैकी कुणाला मुलांकडे मुंबईला जाऊन पुढे तिकडे जायचे झाले, तर जुलै-ऑगस्टात जावे. आपल्याकडे तेव्हा भांगलण चालू असते, तिकडे फडात तोड चालू असते. समुद्र सगळे दाखवतील. तुम्ही आप्रवासी घाटाच्या पायऱ्या, एखादा चालू कारखाना आणि फडातले दगडांचे मनोरे बघून या. आल्यावर उताऱ्याचे आकडे आमच्याकडे जरूर पाठवा, अंकात छापू.