कुरजांची वाट आणि आपली जीवदया

पर्युषण पर्वाच्या आगेमागे राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावावर कुरजांचे पहिले थवे दिसू लागतात. क्रौंच कुळातील हे राखाडी पक्षी मंगोलिया व मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत घरटी करतात. त्यांतील कित्येक हिमालय ओलांडून हिवाळ्यासाठी भारतात येतात. खीचनमधील जैन व्यापारी कुटुंबांनी त्यांच्यासाठी चुग्गाघर उभारले असून तेथे दररोज धान्य पसरले जाते. व्यवसायानिमित्त परप्रांतांत स्थायिक झालेली कुटुंबेही या सेवेस हातभार लावतात. २०२५ मध्ये खीचनचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला.

एवढ्या दुरून हे पक्षी नेमके याच ठिकाणी कसे पोहोचतात?

पक्ष्यांना दिशेचे ज्ञान अनेक मार्गांनी होते. दिवसा सूर्याची स्थिती आणि रात्री तारे त्यांना दिशा दाखवतात. युरोपातील रॉबिन या लहानशा पक्ष्याला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही जाणवते, हे जर्मनीतील प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. कोकिळेच्या कुळातील युरोपीय कुक्कूचे पिल्लू तर परक्या घरट्यात वाढते आणि मातापित्यांची भेटही न होता एकटेच आफ्रिकेत जाते. त्याची वाट उपजतच त्याच्याजवळ असते.

क्रौंचांचे तसे नाही. त्यांची पिल्ले पहिला प्रवास मातापित्यांसोबत करतात. कोठे उतरावे, पाणी कोठे मिळेल, हे सोबतीने उडतानाच शिकतात. पेढीवर वडिलांशेजारी बसून व्यवहार शिकणाऱ्या मुलासारखेच हे शिक्षण असते.

अमेरिकेतील व्हूपिंग क्रेन या क्रौंचाच्या बाबतीत याचा प्रत्यय आला. १९४१ च्या सुमारास या जातीचे जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले होते. पुढे विस्कॉन्सिन राज्यात माणसांनी वाढवलेल्या पिल्लांचा नवा थवा वसवण्याचे ठरले. परंतु त्यांना दक्षिणेची वाट दाखवणारे वडीलधारे पक्षीच नव्हते. तेव्हा २००१ मध्ये अतिहलक्या विमानांच्या मागे उडवत त्यांना सुमारे १,९०० किलोमीटरवरील फ्लोरिडात नेण्यात आले. पुढील वसंतात ती पिल्ले कोणाच्याही मदतीविना परतली. एकदा पाहिलेली वाट त्यांना पुरेशी ठरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या थव्यात सात वर्षांचा जाणता पक्षी होता, तो केवळ वर्षभराच्या पक्ष्यांच्या थव्यापेक्षा सुमारे ३८ टक्के कमी भरकटला.

म्हणूनच विजेच्या तारांना धडकून एखादा वयस्क क्रौंच मरतो, तेव्हा एका जीवाबरोबर त्याने वर्षानुवर्षे साठवलेले वाटेचे ज्ञानही संपते. पिल्लांना ते पुन्हा कोण देणार? पाणवठ्यांजवळच्या तारा भूमिगत करणे, त्यांवर पक्ष्यांना दुरून दिसतील अशा चकत्या लावणे आणि संक्रांतीला घातक मांजा न विकणे वा न वापरणे हे उपाय माणसाच्या हातातले आहेत.

ईर्यासमितीचे पालन करणारे साधुसाध्वी पावलाखालील सूक्ष्म जीवाचीही काळजी घेतात. तीच यतना डोक्यावरून जाणाऱ्या वाटेबद्दलही बाळगणे श्रावकांस शक्य आहे. धान्याचे दान पाहुण्यांची भूक भागवते. सुरक्षित आकाश हे त्यांच्यासाठी अभयदान ठरेल.