रणगाड्यांची गोष्ट, भाग 6 : वैद्यांचे शर्मन आणि खेमकरणचा चिखल

सोमच्या रणांगणावर 15 सप्टेंबर 1916 ला उतरलेले पहिले ब्रिटिश रणगाडे आपण मागच्या भागात पाहिले. त्यांतले कितीतरी शत्रूच्या तोफांनी नव्हे, तर बिघाडाने आणि चिखलाने थांबले होते. तोच चिखल 1965 मध्ये पंजाबात भारताच्या बाजूने उभा राहिला. तिथे डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचं नेतृत्व करत होते अलिबागचे लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य.

पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन खेमकरणमार्गे बियास नदीच्या पुलाकडे निघाली होती. तिचे पॅटन रणगाडे नवे, सुमारे 45 टनांचे, लांबवर मारा करणारे. वैद्यांकडचे शर्मन दुसऱ्या महायुद्धातले. समोरासमोर गाठ पडली असती, तर पॅटनचं पुढचं चिलखत लांबून फोडणं शर्मनला जड गेलं असतं. म्हणून असल उत्तर आणि चीमा गावांच्या परिसरात आपले रणगाडे उसाच्या उभ्या पिकात, नालेच्या आकारात दबा धरून बसले. कालव्याचं पाणी आधीच शेतांत सोडलेलं होतं.

चिखली-मेहकरकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर घातलेल्याला पुढचं सांगायला नको. पट्ट्यांमुळे रणगाड्याचं वजन मोठ्या जागेवर पसरतं, म्हणून तो चाकाच्या गाडीपेक्षा पुष्कळ बऱ्या रीतीने चालतो. पण खालची माती एकदा का सुटली, की गाडीचं पोट जमिनीला टेकतं आणि पट्टे जागच्या जागी फिरत राहतात. शर्मन चिखलात पॅटनपेक्षा सरस होता असं मुळीच नाही. त्याला चिखलातून यावंच लागलं नाही. पॅटनला यावं लागलं, आणि तो वळताना त्याची पातळ बाजू आपल्या तोफांसमोर आली. 8 ते 10 सप्टेंबरच्या या लढाईत पाकिस्तानने सुमारे 97 रणगाडे गमावले. त्यांतले काही धडधाकट अवस्थेत हाती लागले. हे यश एकट्या रणगाडेस्वारांचं नव्हे. जीपवरच्या तोफेने पॅटन फोडणारे हवालदार अब्दुल हमीद पायदळाचे होते.

वैद्यांना महावीरचक्र मिळालं. 1971 मध्ये ते ब्रिगेडिअर होते आणि बसंतर नदीपाशी जमिनीचा डाव उलटला होता: आता पुढे जायचं होतं आपल्याला, आणि वाटेत सुरुंगांचा पट्टा होता. पूर्ण वाट साफ होण्याआधीच त्यांच्या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्सचे सेंच्युरियन रात्री त्या पट्ट्यात शिरले. मला या लढाईत सर्वांत धाडसाचा वाटतो तो हाच निर्णय. कारण पलीकडचं पायदळ पहाटेपर्यंत रणगाड्यांविना टिकलं नसतं. 16 डिसेंबरला तिथेच 21 वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं, आणि 1983 मध्ये ते लष्करप्रमुख झाले.

शर्मन, सेंच्युरियन आणि पॅटन हे तिन्ही रणगाडे जवळून बघायचे असतील, तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठावं. सिंदखेडराजाहून जालना, छत्रपती संभाजीनगर करत तिथे जाता येतं. पुढच्या आठवड्यात : टी-72.