वेब अनुप्रयोगाची चित्रफीत-सेवेशी जोडणी

एका संस्थेच्या वेब अनुप्रयोगातून दुसऱ्या संस्थेच्या संगणकांवर साठविलेल्या चित्रफिती दाखविता किंवा शोधता याव्यात, तसेच तेथे नव्या चित्रफिती चढविता याव्यात, यासाठी केलेली तांत्रिक योजना. शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर दिसणारी व्याख्याने हे तिचे नेहमीचे उदाहरण होय. अशा योजनेत अनुप्रयोगाकडे चित्रफीत नसते. केवळ तिचा ओळख-संकेतांक असतो.

मजकुराच्या तुलनेने चित्रफीत फार जागा व्यापते. निरनिराळ्या वेगांच्या जोडण्यांवर आणि लहानमोठ्या पडद्यांवर ती नीट दिसावी म्हणून तिची अनेक रूपांतरे करून ती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवावी लागतात. हा खर्च लहान संस्थांना सहसा परवडत नाही. व्हिमिओ (२००४) व यूट्यूब (२००५) यांसारख्या सेवांनी हा भार उचलला. यूट्यूबची स्थापना चॅड हर्ली, स्टीव्ह चेन व जावेद करीम यांनी केली. तिच्यावरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढविण्यात आली. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगल कंपनीने १६५ कोटी डॉलर किंमतीच्या समभागांच्या मोबदल्यात ही सेवा विकत घेत असल्याचे जाहीर केले. पुढील वर्णन यूट्यूबला अनुसरून केले असले, तरी त्यातील मूलतत्त्वे अशा इतर सेवांनाही बव्हंशी लागू पडतात.

जोडणीचे प्रकार : जोडणीचे तीन प्रकार पडतात. (१) अंतःस्थापन : यात पृष्ठामध्ये एक चौकट ठेवून तिच्यात सेवेचाच प्रदर्शक उघडतात. चित्रफितीचा ११ अक्षरांचा ओळख-संकेतांक त्यासाठी पुरेसा असतो. (२) सार्वजनिक माहितीचे वाचन : शीर्षक, कालावधी, चित्रफितींच्या याद्या इ. माहिती अनुप्रयोग ‘एपीआय’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या विनंती-व्यवस्थेमार्फत मागवितो. विनंती कोणत्या अनुप्रयोगाकडून आली, हे तिच्यासोबतच्या किल्लीवरून कळते. (३) वापरकर्त्याच्या वतीने कृती : चित्रफीत चढविणे, तिचे शीर्षक बदलणे किंवा ती काढून टाकणे यांसाठी खातेदाराची संमती आवश्यक असते.

अधिकारदान : पूर्वीच्या एका पद्धतीत खातेदाराला आपला परवलीचा शब्द थेट अनुप्रयोगाच्या स्वाधीन करावा लागे. त्यामुळे एका कामासाठी दिलेल्या विश्वासातून संपूर्ण खातेच परक्या हाती जाण्याचा धोका असे. गूगलने ही पद्धत २०१२ मध्ये कालबाह्य ठरविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘ओऑथ २.०’ हे मानक ‘आरएफसी ६७४९’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. या मानकानुसार अनुप्रयोग खातेदाराला सेवेच्या पृष्ठाकडे पाठवितो. खातेदार तेथेच आपली ओळख पटवून मागितलेल्या अधिकारांना संमती देतो. सेवेकडून मिळालेला तात्पुरता संकेत परत करून अनुप्रयोगाचा सर्व्हर प्रवेशचिन्ह मिळवितो. ते साधारणपणे एक तास चालते. पुढे नूतनीकरण-चिन्हाच्या साहाय्याने नवे मिळते. हे व्यवहारातील मर्यादित मुखत्यारपत्रासारखे आहे : त्यात अधिकारांची कक्षा ठरलेली असते आणि ते केव्हाही रद्द करता येते. नूतनीकरण-चिन्ह व अनुप्रयोगाचे गुपित ब्राउझरकडे न पाठविता सर्व्हरवर सुरक्षित ठेवणे, ही जबाबदारी मात्र अनुप्रयोगाची असते.

चित्रफीत चढविणे : प्रथम शीर्षक, वर्णन इ. माहिती पाठविली असता सेवा एक स्वतंत्र पत्ता देते. त्या पत्त्यावर फाइल एकसंध किंवा तुकड्यांनी पाठवितात. शेवटचा तुकडा सोडल्यास प्रत्येक तुकडा २५६ किलोबाइटांच्या पटीत असावा लागतो. मध्येच जोडणी तुटल्यास किती भाग पोहोचला, हे विचारून तेथून पुढे काम चालू करता येते. फाइल पूर्ण पोहोचल्यावरही रूपांतरे होईपर्यंत ती लगेच पाहता येईलच असे नाही.

मर्यादा : प्रत्येक विनंतीला ठराविक एककांचे मूल्य असते आणि अनुप्रयोगाला रोज ठराविक एककेच मिळतात. ही मोजणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मध्यरात्री नव्याने सुरू होते. भारतात तेव्हा ऋतुमानानुसार दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात. २८ जुलै २०२० नंतर नोंदविलेल्या व तपासणी न झालेल्या अनुप्रयोगांतून चढविलेल्या चित्रफिती खाजगीच ठेवण्याचा नियम करण्यात आला. २०१५ मध्ये एपीआयची दुसरी आवृत्ती बंद झाल्यावर काही जुन्या दूरचित्रवाणी संचांवरील यूट्यूबची सोय थांबली. मालकाने चित्रफीत काढून टाकल्यास अंतःस्थापित चौकटीही निरुपयोगी होतात.

सारांश, या जोडणीमुळे लहान संस्थेलाही मोठ्या यंत्रणेचा लाभ मिळतो. परंतु त्या यंत्रणेचे नियम ठरविण्याचा अधिकार तिला मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या चित्रफितींच्या मूळ प्रती व ओळख-संकेतांकांची नोंद संस्थेने स्वतःजवळ जतन करणे इष्ट ठरते.