कासचा जांभळा किती जांभळा?

सप्टेंबरमध्ये कास पठारावर उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. पाहुणा मोबाइलवर आधीच साठवून आणलेला फोटो वाटाड्यासमोर धरतो आणि विचारतो, "दादा, हे कुठल्या बाजूला आहे?" फोटोत क्षितिजापर्यंत सलग जांभळा रंग, मध्ये कुठे गवताची काडी नाही, वर निळंशार आभाळ. वाटाडे कास, कासाणी, एकीव, आटाळी अशा भोवतालच्या गावांतले. ते शांतपणे सांगतात, "हेच की. तुम्ही तिथंच उभे आहात." पाहुण्याचा चेहरा उतरतो. "मग यंदा फुलं कमी आहेत का?"

फुलं कमी नसतात. पाहुणा पुण्याहून किंवा मुंबईहून पहाटे निघून, घाट चढून आलेला असतो, आणि समोरचं पठार त्याला पडेल वाटतं. माझा राग या क्षणावर आहे. मी या भागात बरीच वर्षं कॅमेरा घेऊन फिरतो आणि संध्याकाळी घरी संगणकासमोर बसून त्याच फोटोंवर कामही करतो. त्यामुळे प्रवासातल्या फोटोवर किती एडिटिंग करावं, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगतो. एखाद्या फोटोवर तासभर खपलं तरी तो खरा राहू शकतो आणि एडिटिंगमधली एकच पट्टी जराशी सरकवली तरी खोटा होऊ शकतो. त्यामुळे किती केलं यापेक्षा काय हलवलं, ते बघावं.

खरं तर फसवणूक संगणकाच्या आधीच सुरू होते. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचं हे पठार म्हणजे जांभ्या कातळाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड रुजत नाही. म्हणून तर इथे गवताळ, बुटक्या, पावसापुरत्या जगणाऱ्या वनस्पतींचं राज्य. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जातींची इथे नोंद आहे आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात कासही आहे. पण ही फुलं लहान आहेत. सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढं, गुलाबी तेरडा वीतभर उंचीचा. उभ्या माणसाच्या नजरेला फुलांच्या मधून कातळ दिसतो, डबकी दिसतात, गवत दिसतं. तोच तुकडा जमिनीलगत वाकून लांब पल्ल्याच्या लेन्समधून बघितला की पुढची-मागची फुलं एकमेकांवर चढतात आणि मधली मोकळी जागा नाहीशी होते. यात एडिटिंग काहीच नाही, तरी चित्र बदललं. शिवाय त्या कोनासाठी पायवाट सोडून आडवं पडणाऱ्याच्या अंगाखाली किती रोपं चिरडली जातात, ते फोटोत येत नाही. मी तो कोन पायवाटेवरून मिळाला तरच घेतो, आणि सोबत उभ्या नजरेचा एक फोटो देतो.

"आम्ही काहीच एडिट करत नाही," असं अभिमानाने सांगणारेही भेटतात. त्यांनी कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं ते बघावं. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची काच असते. निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. पुढे उजळपणा, गडदपणा, धार हे सगळं कॅमेरा ठरवतो. मोबाइल तर एकामागून एक घेतलेल्या अनेक फोटोंचा मिळून एक करतो. आपण एडिट केलं नाही तर ते कंपनीने केलेलं असतं. म्हणून मी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घेतो आणि निर्णय स्वतःकडे ठेवतो.

कासवर सगळ्यात अवघड जातो तो रंग. चौकटभर जांभळा-गुलाबी आला की कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स गोंधळतो. एवढा जांभळा म्हणजे उजेडातच खोट असणार, असं धरून तो सगळं चित्र हिरव्याकडे ढकलतो. त्यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: फुलाशेजारी राखाडी कार्ड धरून एक फोटो काढायचा. घरी आल्यावर त्या कार्डावर टिचकी मारली की राखाडी राखाडी होतो, आणि फुलंही आपापल्या रंगावर येतात. मग मी उजेडाचा आलेख बघतो. ढगाळ हवेत तो मधेच गोळा झालेला असतो. त्याची दोन्ही टोकं थोडी ताणली की कातळ ओला दिसू लागतो, जसा तो तिथे होता. सावलीतलं गवत उचलतो, आभाळ थोडं दाबतो, कारण डोळ्याला दोन्ही एकदम दिसत होती आणि सेन्सरला झेपली नव्हती. इथपर्यंतच्या कामाबद्दल मला कसलाही संकोच नाही.

त्यापुढे सॅच्युरेशनची, म्हणजे रंग गडद करण्याची, पट्टी येते. तेरड्याच्या पाकळीत लाल रंग आधीच काठोकाठ असतो. पट्टी पुढे नेली की लालचा आकडा कमाल मर्यादेला, २५५ ला, जाऊन थडकतो आणि तिथेच अडकतो. पाकळीवरच्या शिरा, कडेची फिकट छटा, दवाचा थेंब सगळं एका सपाट गुलाबी डागात बुडतं. रंग वाढवल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात माहिती पुसली जाते. ह्यू, म्हणजे रंगाची छटाच, फिरवणं तर त्याहून वाईट. गुलाबी तेरडा निळ्याकडे सरकवला की गर्द जांभळं पठार तयार होतं आणि लोक तेच बघायला येतात. फुलाचा रंग ही त्याची ओळख आहे. वनस्पती ओळखायला शिकणाऱ्या मुलांना असे फोटो दाखवून आपण चुकीचं शिकवतो.

धुकं काढून टाकणाऱ्या डिहेझ पट्टीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. फुलांच्या दिवसांत कासवर धुकं हीच बऱ्याचदा खरी हवा असते. ते पुसून मागे निळं आभाळ चिकटवणारा महिना बदलतो, हवामान बदलतो. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीचा जुना फोटो साल न लिहिता टाकणंही त्यातलंच, मग त्यावर एकही पट्टी फिरवलेली नसो.

कास सोडून सांगलीकडे उतरलं की हाच प्रश्न पिवळ्या रंगाचा होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजार आवारात हळदीच्या ढिगांचे फोटो घ्यायला पर्यटक, फोटोग्राफर येतात आणि ते फोटो झळाळत्या पिवळ्या रंगात छापले जातात. प्रत्यक्षात शिजवून, वाळवून आणलेलं हळकुंड बाहेरून मातकट असतं. सौद्यात व्यापारी ते मोडून आतला रंग बघतो, कारण भाव त्या आतल्या रंगाला असतो. पिवळ्यात निळा जवळजवळ नसतोच. रंग वाढवला की निळा शून्यावर जातो आणि ढिगातलं एकेक हळकुंड दिसेनासं होऊन नुसती पिवळी पाटी उरते. मग हळद पिकवणाऱ्याने वर्षभर जे कमावलं, ते फोटोत कुठे राहिलं?

हळकुंडं फिरत्या पिंपात घालून पॉलिश करतात. वरची खरबरीत साल जाते, आतलं हळकुंड तेच राहतं; याला कुणी फसवणूक म्हणत नाही. पण लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो फासलं तर ती भेसळ, आणि कायद्याने गुन्हा. फोटोच्या बाबतीत मी हाच फरक मानतो.

पुसून टाकण्याबद्दल थोडक्यात. पायवाटेवर पडलेली प्लास्टिकची बाटली मी हाताने उचलतो, म्हणजे ती फोटोतूनही जाते आणि पठारावरूनही. पण चाळकेवाडीच्या माळावरच्या पवनचक्क्या खोडून 'अस्पर्शित सडा' दाखवणं मला मान्य नाही. मेणवलीच्या घाटाजवळच्या चौकटीत विजेची तार आली तर मी जागा बदलून बघतो; नाहीच जमलं तर तार राहते. ती गावाची आहे.

जगातल्या मोठ्या नावांनाही हा मोह सुटलेला नाही. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि त्यावरून मोठी टीका झाली. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले. पुढच्याच वर्षी नामवंत छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांच्या फोटोंतले बदल उघडकीला आले.

पुराच्या दिवसांत सांगलीत तर प्रश्न पाहुण्याचा चेहरा उतरण्यापुरता राहत नाही. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलावर कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजतात: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पावसाळ्यात नदी गढूळ, तपकिरी असते. ती निळी करून टाकणाऱ्याने निदान कुणाचं नुकसान केलेलं नसतं. पण जुन्या महापुराचा फोटो काळवंडून, आभाळ गडद करून आजचा म्हणून फिरवला, तर नदीकाठचं माणूस घर सोडायचं की थांबायचं हे त्यावरून ठरवू शकतं. पुराच्या फोटोला उजेडाच्या जुजबी दुरुस्तीपलीकडे हात लावू नये, आणि तारीख-वेळेशिवाय तो पुढे पाठवू नये.

बाकीच्या फोटोंसाठीही माझी विनंती साधी आहे. खाली महिना आणि साल लिहा. दोन फोटो जोडले असतील किंवा काही खोडलं असेल तर एका ओळीत सांगा. मूळ फाइल जपा, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येईल. आणि कासला जाणाऱ्यांनी आगाऊ नोंदणी करून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं, पायवाट सोडू नये, आणि पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशातच ठेवून खाली वाकून फुलं बघावीत.